बाराव्या किटलीवरचा मजकूर

एका पत्राला मी पस्तीस वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. माझ्या इटालियन शब्दकोशात ते घडी करून ठेवलेलं होतं आणि शब्दकोश मी रोज उघडत होतो, त्यामुळे ते रोज दिसतही होतं. निळसर कागद, तिरपं अक्षर, खाली सही : एल्दा त्रेविझान. पत्रात एकच प्रश्न होता. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्याखेरीज ते फक्त बाबालालला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

तो प्रश्न उपजला अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी. मी तेव्हा कराडच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयात ग्रंथपाल होतो. आठ वाजता सभागृहाचं दार लोटलं, तर आमचा शिपाई तातोबा टोपी मागं सारून हसत उभा होता.

“सर, काळजी मिटली,” तो म्हणाला.

“कसली रे?”

“किटल्यांची. बाराच्या बारा किटल्यांवर नावं घातली.”

लांब टेबलावर पांढरी चादर होती आणि तिच्यावर बारा किटल्या मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत मांडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्या पुण्याहून टेम्पोनं आल्या होत्या. पेंढ्यातून एकेक काढताना मी श्वास रोखून धरला होता. कॉफीच्या त्या किटल्या इटलीतल्या एका कारखान्यात घडलेल्या. इतक्या गुळगुळीत, की बोट ठेवायला भीती वाटावी. आता प्रत्येकीच्या पोटावर, बरोबर मधोमध, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : ज्ञा. वा. क. १, ज्ञा. वा. क. २, असं बारापर्यंत.

टेबलाच्या टोकाला बाबालाल मुल्ला बसला होता. भांडी गल्लीच्या तोंडाशी बसून भांड्यांवर नावं घालून देणारा. त्यानं आपलं छोटं यंत्र पुसलं आणि म्हणाला, “पत्रा लई ब्येस हाय सर. सुई लोण्यात चालल्यासारखी चालती.”

मी खुर्चीवर बसलो.

“तातोबा, या आपल्या नाहीत रे.”

“म्हून तर,” तातोबा म्हणाला. “मागल्या वर्धापनदिनाला आपली सात पातेली गेली ती गेलीच. नाव नव्हतं. आज गाव लोटणार. बारातली एक गेली तर त्या बाईला काय त्वांड दाखवायचं? मी पहाटंच बाबालालला उठवून आणला.”

इथे थोडं मागचं सांगायला हवं. चोवीस वर्षांचा असताना मला वाचनालयाच्या रद्दीत एक इटालियन व्याकरण आणि बिनपुठ्ठ्याचा एक शब्दकोश सापडला. रेल्वेच्या कुणा निवृत्त इंजिनियरच्या पेटीतून ते आले होते. रद्दीवाल्याला देववेनात, म्हणून घरी नेले. मग वाचू लागलो. मग थांबता येईना. बावीस वर्षं मी एकट्यानं इटालियन शिकत होतो आणि त्या बावीस वर्षांत एकाही माणसाशी ते बोललो नव्हतो. बोलणार कुणाशी? संध्याकाळी वाचनालय बंद झालं की संदर्भग्रंथांच्या कपाटासमोर उभा राहून बोलत असे. कपाट चूक काढत नाही. पण मला सारखी एक शंका छळायची, की हे जे मी शिकलोय ते इटालियन आहे तरी का? की माझ्या डोक्यात मीच रचलेलं काहीतरी? खऱ्या इटालियन माणसासमोर तोंड उघडलं आणि त्याला एक अक्षर कळलं नाही, तर बावीस वर्षं पाण्यात.

आदल्या दिवाळीत मी मुंबईच्या इटालियन सांस्कृतिक कचेरीला एक पत्र लिहिलं. केवळ सराव म्हणून. तुमच्या देशाची भाषा, कलाकुसर आमच्या गावालाही दाखवा, आमचं गाव रसिक आहे, वगैरे. पाकिटावर पत्ता लिहिला, तोही सराव म्हणून. तिकीट मात्र का लावलं, ते अजून मला सांगता येत नाही. ते पाकीट टेबलावरून माझ्या बायकोनं, कुमुदनं, उचललं आणि परस्पर पेटीत टाकलं.

“तुम्ही टाकलं नसतं,” ती नंतर म्हणाली.

महिन्याभरानं मुंबईहून उत्तर आलं. इटली सप्ताह मुंबई-पुण्याला होणार होता, त्यातला एक दिवस त्यांनी कराडला दिला. भिंतीवर लावायला खुर्च्यांची, स्कूटरची, दिव्यांची मोठी चित्रं, टेबलावर बारा किटल्या, आणि बरोबर त्या किटल्यांच्या कारखान्याच्या मालकीण, श्रीमती एल्दा त्रेविझान. पत्राच्या शेवटी होतं : आपल्याकडे इटालियन जाणणारे विद्वान आहेतच, तेव्हा दुभाष्याची गरज नसावी.

त्या दिवसापासून मी जेवलो बेताचंच. चार पानांचं स्वागताचं भाषण लिहिलं आणि पाठ केलं. त्या चार पानांत ‘तुमच्या किटल्यांवर आम्ही आमचं नाव कोरलं आहे’ असं वाक्य नव्हतं.

साडेनऊला वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब घळसासी आले. वकील माणूस. त्यांनी एक किटली उचलली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

“उलट्या करून ठेवा,” ते म्हणाले. “नावं भिंतीकडं.”

“भिंतीकडं लोक उभे राहणार आहेत, बापूसाहेब.”

“मग हार घाला.”

“किटल्यांना?”

“का? मोटारीला घालतो, रोडरोलरला घालतो. किटलीनं काय घोडं मारलंय?”

तातोबा झेंडूचे हार घेऊन आला. चार किटल्यांना घातले. त्या पूजेला मांडल्यासारख्या दिसू लागल्या. बाबालाल तोंडावर रुमाल धरून हसत होता. पाचवीला हार घालताना बापूसाहेबांनाही हसू आवरेना, आणि आवरलं तेव्हा ते फारच कडक आवाजात म्हणाले, “काढा ते. सांगून टाकायचं. गरूड, तुम्ही सांगा. इटालियनमध्ये.”

“मी?”

“मग मी सांगू? आणि तातोबा, बाई बिघडल्या तर उद्यापासून तू घरी.”

माझं आडनाव गरूड. अशा प्रसंगी ते मला फार मोठं होतं.

अकराला पांढरी गाडी आली. मुंबईच्या कचेरीतले जे गृहस्थ बरोबर यायचे होते, ते आदल्या दिवशी पुण्यात मिसळ खाऊन आडवे झाले होते. त्यामुळे गाडीतून ड्रायव्हर उतरला आणि मागून एक उंच बाई उतरल्या. माझ्याच वयाच्या, आखूड केस, राखाडी झगा, पायांत चपटे बूट. ओवाळणं झालं, शाल-श्रीफळ झालं. नारळ त्यांनी छातीशी असा धरला, जणू तो आता रडेल. मग सगळं सभागृह माझ्याकडे बघू लागलं.

मी पहिलं वाक्य म्हटलं. बाईंनी मान थोडी कलती केली. मी दुसरं म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिसऱ्या वाक्याला त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, मुक्या माणसाचं बोलणं समजून घेताना बघतात तसं. बावीस वर्षं, मी मनात म्हणालो. आणि तेवढ्यात त्यांची नजर टेबलाकडे गेली.

त्या उठल्या. पाच नंबरची किटली घेऊन खिडकीशी गेल्या, आणि त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग काही बोलल्या. मोठ्यानं नाही.

मला ते कळलं. संपूर्ण वाक्य, एकाही शब्दाला न अडखळता. आनंदानं ओरडावं की पळून जावं, समजेना.

“काय म्हणतायत?” बापूसाहेबांनी विचारलं.

“म्हणतायत,” मी म्हणालो, “या किटलीचा आकार त्यांच्या वडिलांनी चाळीस वेळा बदलला. तिच्यावर एकही रेघ नको म्हणून. स्वतःचं नावसुद्धा त्यांनी कधी घालू दिलं नाही.”

तातोबानं टोपी काढून हातात घेतली.

“कुणी केलं हे?” बाईंनी मला विचारलं. हेही कळलं.

चार पानं डोक्यातून कधीच उडून गेली होती. मी तोंड उघडलं आणि जे शब्द हाताशी आले ते पुढे सारू लागलो. आमच्याकडे, मी म्हणालो, भांडं बाजारातून येतं. मग नाव घालतात. नाव नाही, तर बाजाराचं. नाव आहे, तर घराचं. लग्नात भांडं, बारशात भांडं. भांड्यावर कोण, कुणाला, कधी. आज खूप लोक. हा माणूस घाबरला, तुमची वस्तू हरवेल. चूक. पण राखण्यासाठी चूक.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन ठिकाणी मला थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. मग तातोबाकडे वळल्या. तातोबाला वाटलं आता आपली पाळी. तो सरळ त्यांच्याशी मराठीतच बोलू लागला.

“बाईसाहेब, खूण नसली की वस्तू परत येत न्हाई. नाव आसलं की कुठनं बी परत येती. माझं काय चुकलं आसंल तर मला बोला. सरांना बोलू नका, ते मुळातच भित्रं हायेत.”

शेवटचं वाक्य गाळून मी भाषांतर केलं.

बाईंनी किटली टेबलावर परत ठेवली. मग म्हणाल्या, “माझ्या वडिलांच्या किटल्या आमच्याकडे घरोघर आहेत. त्या कुणी घडवल्या, हे एकाही घराला माहीत नाही.” त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याही घरी आहेत अशी नाव घातलेली भांडी?”

“सगळीच.”

“दाखवा.”

मी तातोबाला घरी पिटाळलं. वीस मिनिटांत कुमुद आली, दोन्ही हातांत पिशव्या. तिला वाटलं होतं, पाहुण्यांच्या जेवणाला भांडी कमी पडली. तिनं टेबलावर तांब्या, डबे, परात मांडली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “बघू दे. पण परातीला पोचा आहे हे त्यांना सांगू नका.”

बाईंनी परात उचलली. “इथे काय लिहिलंय?”

“कुमुद हिला, तिच्या मामाकडून, अकरा मे एकोणीसशे सहासष्ट.”

“आणि इथे?”

“माझ्या आईच्या आठवणीसाठी. तिच्या पहिल्या वर्षश्राद्धाला आम्ही हे तांबे वाटले.”

“म्हणजे हा तांब्या अजून किती घरांत आहे?”

“एकवीस.”

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी खाली ठेवला.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. बातमी पेठेत गेली असावी. बायका येऊ लागल्या, कुणाच्या कडेवर हंडा, कुणाच्या हातात कढई, एक जण तर भाताचं पातेलं भातासकट घेऊन आली. बाई एकेक भांडं उचलायच्या आणि मी वाचायचो. हे सासऱ्यांकडून. हे हळदीकुंकवात मिळालेलं. याच्यावर आधी दिराचं नाव होतं, वाटणी झाल्यावर ते खोडून नवऱ्याचं घातलं. बाई खदखदून हसल्या. “का खोडलं?” मी वाटणी समजावून सांगितली. दोन भाऊ, एक चूल, दोन बायका. त्या म्हणाल्या, “हे आमच्याकडेही आहे. आम्ही भांडी फोडतो.”

मधेच सुलभा देवधरांचं पितळी पातेलं हातात आलं. मी भरात मोठ्यानं वाचून गेलो, आधी मराठीत, मग इटालियनमध्ये : “इंदुमती पटवर्धन.”

गर्दीतून आवाज आला, “ते माझ्या आईचं आहे.”

सगळ्यांनी माना वळवल्या. इंदूताईंची थोरली लेक पुढे आली. “एकाहत्तर साली चकल्यांना नेलं होतंत, सुलभावहिनी. आई शेवटपर्यंत म्हणत होती, माझं पातेलं कुठं गेलं.”

“अगं बाई, मी रोज त्यात दूध तापवते,” सुलभावहिनी म्हणाल्या. “नाव कोण वाचतंय रोज?”

“काय झालं?” एल्दाबाई माझी बाही ओढत होत्या. मी सांगितलं. त्यांनी तातोबाकडे पाहिलं. तातोबानं फक्त मान डोलावली : बघा, आलं का नाही परत?

मग एल्दाबाई उठून बाबालालसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि एक नंबरची किटली त्याच्यापुढे ठेवली. “माझ्या वडिलांचं नाव,” त्या मला म्हणाल्या. “तुमच्या अक्षरांत. गास्पारे.” मी कागदावर लिहून दिलं. बाबालालनं यंत्र सुरू केलं. ज्ञा. वा. क.च्या खाली एकेक ठिपका उमटत गेला. बाईंनी एका बोटानं यंत्राला स्पर्श केला आणि ते बोट हवेत तसंच धरून ठेवलं. बापूसाहेब खिडकीतून बाहेर बघू लागले.

अकरा किटल्यांवर नाव घालून झालं, तेव्हा दोन वाजले होते. कुमुदनं कुठूनशी जायफळ घातलेली कॉफी आणली आणि ती चक्क सात नंबरच्या किटलीतून वाढली. बाईंनी दोन कप घेतले. आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “प्रोफेसोरे, तुम्ही तीन तास बोलताय. तुमच्या लक्षात आलंय का?”

माझ्या लक्षात आलं नव्हतं. आलं तेव्हा मला उचकी लागली.

राहिली बारावी किटली. सगळ्यांत लहान, दोन कपांची. ड्रायव्हर घाई करत होता. बाई शाल, नारळ सावरत म्हणाल्या, “हिच्यावर नाव तुम्ही घालून घ्या, मी निरोप घेते.” त्या बायकांच्या घोळक्यात गेल्या. मी बाबालालशेजारी बसलो. कागदावर ‘गास्पारे’ लिहायला लागलो आणि हात थांबला. ते खोडून मी दुसरंच काही लिहिलं. बाबालालनं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं.

“लांब हाय सर. बुडाजवळनं गोल घ्यावं लागंल.”

“घे.”

झालं तशी मी किटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाईंच्या हातात दिली. “वडिलांचंच नाव आहे ना?” त्यांनी विचारलं. “हो,” मी म्हणालो. त्या तीन तासांत मी इटालियनमध्ये बोललेलं ते एकमेव खोटं. गाडी गेली.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. लिहिलं होतं : ‘प्रोफेसोरे, तुम्ही बोलता तसं आमच्याकडे आता कुणी बोलत नाही. माझे आजोबा सणाच्या दिवशी बोलायचे. बोलत राहा. किटल्या माझ्या खिडकीत आहेत. अकरांवर एकच नाव आहे, मी अक्षरं जुळवून पाहिली. बाराव्या किटलीवर वेगळं आहे, आणि बरंच लांब आहे. इथे कुणाला वाचता येत नाही. काय लिहिलंय?’

पहिल्या महिन्यात मी सात कच्चे खर्डे केले. बोलताना झालेल्या चुका हवेत विरतात, कागदावरच्या तशाच राहतात. मग उशीर झाला. मग उशिराची क्षमा कशी मागायची, त्याचे खर्डे झाले. मग दहा वर्षं झाली, आणि दहा वर्षांची क्षमा मागायला लागणारा भूतकाळ माझ्या व्याकरणात मला सापडेना. हे सगळे बहाणे होते, हे मला कळतं. खरं कारण त्या मजकुरात होतं.

गेल्या सोमवारी कुमुद पुस्तकांवरची धूळ झटकत होती. ती आता शहात्तरची आहे, मी एक्याऐंशीचा. शब्दकोश तिच्या हातून निसटला आणि निळा कागद जमिनीवर आला. तिनं तो उचलला, लिपी न कळताही वरपासून खालपर्यंत बघितला.

“अजून नाही लिहिलंत?”

“कुणाला?”

“वेड पांघरू नका. किटलीवाल्या बाईंना.”

मी चष्मा पुसू लागलो.

“काय लिहिलं होतंत ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी कळलं. आपल्या डब्याचं झाकण तिथे राहिलं होतं, ते द्यायला बाबालाल आला होता. म्हणाला, वैनी, सरांनी लई छान मजकूर दिला. पाठच होता त्याला.” आणि माझी बायको पस्तीस वर्षांनी तो मजकूर जसाच्या तसा म्हणाली : “एल्दाबाईंस, मला बोलतं केल्याबद्दल, श्रीनिवास गरूड याजकडून भेट.”

मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आणि यात लपवण्यासारखं काय होतं हो?”

“मला वाटलं, तुला काही वाटेल.”

“मला एवढंच वाटलं, की किटली त्या बाईची, आणि तिची तिलाच भेट. असला आहेर उभ्या कराडात कुणी केला नसेल.” ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग तिनं टेबलावरचं चिटोऱ्यांचं पुडकं बाजूला सारून कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. “या खेपेला पेटीत मी टाकणार नाही.”

चार ओळी झाल्या. आधी मजकुराचं भाषांतर. मग त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, हे. मग माझा पत्ता, त्यांना कधी कराडला यावंसं वाटलं तर. शेवटी, की मी अजून बोलतो, कपाटाशी नाही, संध्याकाळी कॉलेजातल्या दोन मुली शिकायला येतात त्यांच्याशी. तीन चुका मला वाचताना दिसल्या. दोन सुधारल्या. एक राहू दिली, कारण त्या दिवशीही ती मी केली होती आणि त्या हसल्या होत्या.

पोस्टात खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं पाकीट वजनाला टाकलं, तिकिटं दिली, मग उलटून पाहिलं.

“आजोबा, मागं पाठवणाऱ्याचं नाव घाला. पत्ता चुकला तर परत यायला बरं.”

“म्हणूनच नको,” मी म्हणालो. “नाव असलं की परत येतं.”

तिला काही कळलं नाही. मी तिकिटं चिकटवली, बाहेर आलो आणि पाकीट पेटीत टाकलं.